कशावरून साहेबांची खाऱ्या पाण्याची टाकी

साहेबांना कुणी "आज पाऊस पडेल" म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कशावरून?" डबा चांगला झालाय म्हटलं, तरी "कशावरून?" रोह्याजवळ धाटावच्या आमच्या कंपनीत ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि शिफ्टमधल्या पोरांनी त्यांचं नाव 'कशावरून साहेब' असं ठेवून टाकलं होतं. एकदा एका ऑपरेटरच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं. साहेब रागावले नाहीत. "मला असं म्हणतात होय?" म्हणाले, आणि दाराशी जाऊन वळले. "पण सगळेच म्हणतात, हे कशावरून?"

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आमचं घर पेणच्या पुढे, धरमतर खाडीच्या बाजूला. आईवडील दोघंही मिठागरावर राबलेले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पेणहून सकाळच्या गाडीने रोह्याला यायचे, तेव्हा मांडीवरच्या पिशवीत डबा असायचा आणि मनात एक पक्की समजूत असायची, की आता आपण ग्रॅज्युएट आहोत, आता आपल्याला कुणी उलटे प्रश्न विचारणार नाही.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला दोन बाटल्या दिल्या. मी मन लावून दोन्ही तपासल्या आणि आकडे नेऊन दिले. ते बघून म्हणाले, "दोन्ही बाटल्या एकाच पिंपातून भरल्या होत्या. मग आकडे वेगळे कसे?" मला रडू आलं. वाटलं, मिठागरावरची मुलगी म्हणून हा माणूस मला पाडायला बसलाय. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्या प्रत्येक वाक्यात काहीतरी काळंबेरं शोधत राहिले. मग एका दुपारी मी साठवणीच्या खोलीतून येताना पाहिलं, तर साहेब स्वतःच त्याच पिंपातली बाटली घेऊन तेच तपासत बसले होते, आणि स्वतःच्या आकड्याकडे माझ्या आकड्यापेक्षाही वाईट नजरेने बघत होते. त्या दिवशी माझी भीती गेली.

त्यांचं एक बोलणं मी आजही माझ्या हाताखालच्या मुलींना सांगते. "वाईट रिपोर्ट आला की माणूस पुन्हा पुन्हा तपासतो. चांगला आला की सही करून मोकळा होतो. म्हणून आधी चांगल्यावर संशय घ्यायचा." आणि पुढे, बोट उगारून, "सुरेखा, ज्याचं कारण तुला कळलेलं नाही, त्यावर सही करायची नाही. मी सांगितलं तरी नाही." आमच्या घरात सहीची वेळ क्वचितच यायची. माझ्या सहीला किंमत असते, हे मला साहेबांनी शिकवलं.

अशा माणसाने घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवावी, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. रोह्याला त्यांच्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत, इतरांकडे दूरदर्शन संच असतो त्या जागी, चार फूट लांबीची काचेची टाकी होती. आत समुद्रातले दगड, त्यांवर हातमोज्यांसारखी हलणारी मऊ प्रवाळं, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी आणि एक पिवळा, तोऱ्यात फिरणारा मासा. कठीण प्रवाळांना कायद्याने बंदी आहे, म्हणून ती त्यांनी कधी आणली नाहीत. मऊ प्रवाळंसुद्धा दुकानदाराकडून कागदपत्रं घेऊन, मग ते कागद खरे आहेत का याचा तपास करून आणली.

माझ्या वडिलांनी ही टाकी पाहिली तेव्हा त्यांना फार कौतुक वाटलं. साहेब पाकिटातलं, बाहेरून येणारं मीठ पाण्यात कालवतात हे कळल्यावर ते मला म्हणाले, "आपल्याकडं येवढं मीठ पिकतंय आन ते इकत आणतात? घेऊन जा एक गोण." मी नेली, वडीलही बरोबर आले. साहेबांनी गोणीत हात घातला, खडे चोळले. "हे समुद्राचंच आहे, कशावरून?" वडिलांना राग आला. "खाडीचं पानी म्या सोता घेतलंय, साहेब!" साहेब पुढच्या रविवारी माझ्याबरोबर मिठागरावरच आले. बांधावर बसून त्यांनी वडिलांना विचारलं, की मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात उरतं त्या कडू पाण्याचं काय करता. वडील म्हणाले, "सोडून देतो. ते मिठात राह्यलं तर मीठ कडू व्हतं." साहेब म्हणाले, "माझ्या माशांना ते कडूसुद्धा लागतं हो. तुम्ही मीठ ठेवता आणि बाकीचा समुद्र खाडीला परत देता." वडील यावर खूप हसले. त्या गोणीतलं मीठ शेवटी काकूंच्या लोणच्याला गेलं.

काकू म्हणजे साहेबांची बायको. माझ्याच बाजूच्या, खाडीकाठच्या गावातल्या. साहेबांची भाषा पुस्तकातली, काकूंची मात्र माहेरची तशीच राहिलेली. मला बघितलं की म्हणायच्या, "ये गो. आज वार हाय, नायतर तुला बोंबील तळून घातले असते." काकूंचे वार फार कडक. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी, आणि सबंध श्रावण. त्या दिवशी घरात मासळी शिजत तर नसेच, पण फ्रीजरचं दारही त्या उघडत नसत. साहेब एवढ्या एका बाबतीत "कशावरून" विचारत नसत. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं, असं काकू सांगायच्या, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायच्या नाहीत.

माझं लग्न होऊन मी रोह्यालाच आले, आणि त्याच सुमारास साहेब निवृत्त झाले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन खारं पाणी घालायचं, हा त्यांचा दर रविवारचा नेम होता. माशांची घाण पाण्यात विरघळून साठत जाते. पाणी बदललं नाही तर ती वाढते आणि प्रवाळं आक्रसून बसतात. साहेब शुद्ध पाण्याच्या बादल्या भरायचे, मीठ कालवायचे, खारेपणा तपासायचे आणि मग बादल्या उचलून टाकीपाशी आणायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा एका पोऱ्याला मदतीला घेतलं होतं, तर त्याने कंटाळून नळाचंच पाणी कालवलं. तेव्हापासून मदत या शब्दावरच त्यांचा संशय.

मग त्यांना हृदयाचा झटका आला. त्यातून वाचले, पण डॉक्टरांनी सांगितलं, बादली उचलायची नाही आणि रोज संध्याकाळी नदीकाठी चालायला जायचं. पुण्याहून मुलगा आला. आईवर ओझं नको, बाबांच्या जिवाला धोका नको, त्याचं म्हणणं बरोबर होतं. "पनवेलचा दुकानवाला टाकी घेऊन जाईल, मी बोललोय," तो म्हणाला. साहेब पलंगावर पडून होते. त्यांनी भिंतीकडे बघत उत्तर दिलं, "दिवाळीपर्यंत थांब. स्टुलावर बसून तांब्याने बदलता येईल एवढ्यावर मी पाणी आणून दाखवतो. नाही जमलं तर ने." मी म्हटलं, साहेब, मी येऊन बादल्या उचलीन. ते म्हणाले, "तुला तुझं घर आहे, पोर आहे. आणि तू आजारी पडलीस तर टाकी कुणाची?"

असं ते काम सुरू झालं. त्यांच्या विचारात काही जादू नव्हती. "पाणी का बदलतो? घाण काढायला आणि संपलेलं परत द्यायला. घाण कमी झाली, तर बदलणंही कमी होईल." टाकीखालच्या कपाटात एक लहान टाकी बसवून त्यात त्यांनी हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढवलं; ते पाण्यातली घाण खाऊन वाढतं, आणि वाढलं की उपटून फेकायचं. दुकानातल्या "पाणी बदलायची गरजच नाही" अशा बाटल्या त्यांनी हातात घेऊन, वाचून, खाली ठेवल्या. घाईही केली नाही. दर रविवारचं पाणी एक रविवार सोडून, मग महिन्याने. मध्ये मी जाऊन काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि गुलाबी रंग किती गडद होतो ते दोघं खिडकीपाशी बघायचो. गडद म्हणजे घाण जास्त.

रंग फिकाच राहिला. पाणी बदलणं कमी केलं, तर तो आणखीच फिका झाला. मला आनंद झाला. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"शेवाळ अजून मुठीएवढं नाही," ते म्हणाले. "त्याने एवढं होणार नाही."

"पण झालंय ना, साहेब."

"झालंय. कशामुळे?"

नव्या थेंबांच्या बाटल्या आल्या. रंग तसाच. मग त्यांनी एका वाटीत मुद्दाम घाण पाणी करून थेंब तपासले. त्यात रंग गडद आला. म्हणजे थेंब खरे होते. मग संशय माणसांकडे वळला. मी मिठाच्या पिंपाचं झाकण उघडलं, तर आत मिठाच्या पातळीवर पेन्सिलची बारीक रेघ दिसली. बादल्यांच्या कड्या सगळ्या एकाच दिशेला वळवून ठेवलेल्या. साहेब कुणीतरी चोरून पाणी बदलतंय का ते बघत होते. आणि मग एका रविवारी, मी नळी धुवत असताना, ते माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले.

"सुरेखा, मी चालायला जातो तेव्हा तू येतेस का इकडे?"

मी नळी खाली ठेवली. "तुम्हाला वाटतं मी पाणी बदलते?"

"दया आली असेल तुला," ते खाली मान घालून म्हणाले. "मला कळेल ते. पण मग ते माझं पाणी नाही, सुरेखा. तू एक रविवार चुकलीस की सगळं मरेल, आणि मला का मेलं ते कळणार नाही."

मी घरी येऊन रडले. पण त्यांचं म्हणणं माझ्या मनातून जाईना. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या संशयाची लागण मलाही झाली होती. कारण मी बदलत नव्हते, तर मग कोण? काकूंना मी स्वयंपाकघरात गाठलं. त्या भाताच्या पेजेवरची ताटली काढत होत्या. "काकू, संध्याकाळी टाकीला तुम्ही हात लावता का?"

"मी कशाला? ते जातात तवा माशांना कोलंबी घालते तेवढीच. तुमी दोघं काय कुजबुजता गो सारकं? काय झालंय का त्यांच्या छातीला? मला खरं सांग."

म्हणजे काकू आमच्यावर संशय घेत होत्या. डॉक्टरांनी काही लपवायला सांगितलंय, असं त्यांना वाटत होतं. सकाळचं कोरडं खाणं साहेब घालायचे आणि संध्याकाळची कुटलेली कोलंबी, ते चालायला जात म्हणून, आजारपणापासून काकूंकडे आली होती. साहेबांनी त्यांना विचारलंही होतं, रोज घालतेस ना, आणि काकू "व्हय" म्हणाल्या होत्या. फ्रीजरमधली कोलंबी बरोबर संपत होती. त्या घरात संशय न घेतलेली एकच गोष्ट ती होती.

श्रावण लागला. रंग आणखी फिका झाला, जवळजवळ पांढरा. गौरी-गणपती झाले आणि तो पुन्हा थोडा गुलाबी झाला. साहेब वेडे व्हायचेच बाकी होते. पावसाळ्यात नळाला येणारं पाणी बदललं का, विजेचा दाब कमीजास्त झाला का, खोलीतल्या गारव्याने काही झालं का. दिवाळी जवळ येत होती आणि पाणी उत्तम होतं; टाकी राहणार हे मला दिसत होतं. पण साहेब म्हणायचे, "कारण माहीत नसताना मी मुलाला काय सांगू? उद्या ते कारण निघून गेलं, तर ह्या जिवांना मीच मारलं असं होईल. त्यापेक्षा आत्ताच घेऊन जाऊ दे." आणि ते खरंच तसं करतील, याची मला भीती होती. कारण न कळलेल्या रिपोर्टवर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती.

परतीच्या पावसातली गोष्ट. एका रविवारी मी गेले, तर साहेब फाटकातच उभे. नाक लाल, गळ्याला मफलर. मला आत जाऊ न देता हलक्या आवाजात म्हणाले, "सापडलं."

गुरुवारी चालायला गेले असताना पाऊस आला, छत्री नव्हती, म्हणून ते अर्ध्यातून परतले. पायरीवर चपला काढताना आतून काकूंचा आवाज आला. काकू टाकीच्या काचेवर बोटाने टकटक करत माशांशी बोलत होत्या. साहेबांनी ते बोलणं मला काकूंच्याच बोलीत म्हणून दाखवलं: "आज वार हाय. घरात कोणीच नाय खाल्लं, तुमी पण नाय खायाचं. उद्या शुक्रवार, उद्या घालीन पोटभर. आन त्यांना सांगू नका हां."

मी तोंडावर हात धरला. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण! त्या घरातले मासे वार पाळत होते. खाणं कमी, म्हणून घाण कमी, म्हणून पाणी स्वच्छ.

"पण कोलंबी तर संपत होती," मी म्हटलं.

साहेबांनी मफलर सारखा केला. "रविवारच्या कालवणात. मीच खात होतो."

मी हसायला लागले तसे ते घाबरले. "हळू! तिला कळता कामा नये."

"का? कमीच घालायचं असतं, बरोबरच करतेय ती, असं सांगा की."

"सांगितलं की ते काम माझं होईल. मग ती विचारेल, सोमवारी किती, मंगळवारी किती. आत्ता देवाच्या हिशोबाने चाललंय, चांगलं चाललंय." मग म्हणाले, "आणि मला कळलंय असं कळलं, तर माझ्यासाठी ती वाराला कोलंबीत हात घालेल. ते नको."

"मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

"परत पावसात गेलो. नेहमीच्या वेळेला, फाटकाची कडी जोरात वाजवून आलो." एवढं बोलून ते शिंकले.

दिवाळीला मुलगा आला. साहेब स्टुलावर बसले, तांब्याने थोडं पाणी काढलं, थोडं घातलं, आणि महिन्याचं काम संपलं. मी नळीतला फिका रंग दाखवला. मुलाने विचारलं, हे कसं काय जमलं? साहेब म्हणाले, "शेवाळ चांगलं वाढलंय." आणि माझ्याकडे बघून, "सुरेखाला विचार." काकू दारात फराळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो, शेवाळाने." माझ्या माहितीत साहेबांनी दिलेला तेवढा एकच खोटा रिपोर्ट, आणि त्यावर सही माझी.

टाकी राहिली. त्यानंतर साहेब बरीच वर्षं जगले. गेले तेही शांतपणे, दुपारी, टाकीसमोरच्या खुर्चीत.

सुतकाचे दिवस संपले नव्हते तेव्हा मी काकूंना भेटायला गेले. मुलगा आतल्या खोलीत फोनवर होता. काकू टाकीकडे पाठ करून बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "ही टाकी घेऊन जायला सांगितलीय मी त्याला. मला बघवत नाय."

"का काकू? साहेबांचा जीव होता तिच्यात."

"म्हणूनच गो." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी त्यांना फसवलं. वाराला माशांना कदी घातलंच नाय. ते बिचारे कारण शोधून शोधून झिजले, रेघा मारत बसले, तुझ्यावर पण आळ घेतला. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाय. तसेच गेले ते, न कळता."

मी म्हटलं, "काकू, त्यांना माहीत होतं."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"कशावरून?"

त्या घरात तो शब्द पुन्हा ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना गुरुवारच्या पावसाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

मग मी विचारलं, "काकू, चालून आले की साहेब फाटकाची कडी वाजवायचे ना?"

"वाजवायचे की. घर डोक्यावर घ्यायचे. आन खोकत खोकत यायचे. म्हातारपण."

"रोज वाजवायचे?"

काकू बोलायला गेल्या आणि थांबल्या. नजर फाटकाकडे गेली. "शुक्रवारी नाय," त्या सावकाश म्हणाल्या. "शुक्रवारी गुपचूप यायचे. रविवारी, बुधवारी पण. कदी मागं येऊन उभे राह्यले ते कळायचं पण नाय." त्यांची बोटं पदरावर एकेक वार मोजत राहिली. "सोमवारी वाजवायचे. गुरुवारी... शनवारी..." मग बोटं थांबली. "येवढी वर्षं?"

"एवढी वर्षं."

"लबाड माणूस," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

आवाज ऐकून मुलगा बाहेर आला. "आई, तो पनवेलचा माणूस विचारतोय, कधी येऊ?"

"त्याला सांग, येऊ नको," काकू नाक पुसत म्हणाल्या. "टाकी कुठं जात नाय." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, टाकीपाशी गेल्या. त्यांना बघून मासे काचेपाशी जमले. त्यांनी बोट उचललं आणि काचेवर हलकेच टकटक केली.

"आज वार हाय," त्या म्हणाल्या, आणि सवयीने फाटकाकडे पाहिलं.